पॉल गॅल्व्हिन : गाडीला गाणं देणारा माणूस

मोटोरोला हे नाव आपल्याला मोबाईलमुळे माहीत आहे. पण ते मुळात गाडीतल्या रेडिओचं नाव होतं. 'मोटर' या शब्दाला त्या काळच्या व्हिक्ट्रोलासारख्या ग्रामोफोनच्या नावातलं 'ओला' हे शेपूट जोडलं, आणि झालं मोटोरोला! हे नाव देणाऱ्या पॉल गॅल्व्हिन यांची ही गोष्ट.

त्यांचा जन्म 29 जून 1895 रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या हार्वर्ड या छोट्या गावी झाला. लहानपणी ते रेल्वे स्टेशनवर मक्याच्या लाह्या विकत. पुढे पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. परत आल्यावर मित्राबरोबर बॅटरीचा कारखाना काढला. तो 1923 मध्ये बंद पडला. पुन्हा प्रयत्न केला, तोही बुडाला.

त्या काळी घरातले रेडिओ बॅटरीवर चालत. बॅटरीऐवजी घरच्या विजेवर रेडिओ चालवणारं एक उपकरण या दुसऱ्या कारखान्यात बनत असे. कारखान्याचा लिलाव झाला तेव्हा गॅल्व्हिन यांनी तेवढा भाग 750 डॉलरला विकत घेतला. 1928 मध्ये भाऊ जोसेफ आणि अवघे पाच कामगार घेऊन त्यांनी शिकागोत नवी कंपनी सुरू केली. पण थेट विजेवर चालणारे रेडिओ आले आणि या उपकरणाची गरजच संपत चालली. त्यात 1929 ची मंदी! मग त्यांनी गाडीतल्या रेडिओकडे मोर्चा वळवला.

गाडीत रेडिओ याआधीही कोणी कोणी बसवले होते, पण ते महाग आणि त्रासाचे होते. गाडीच्या ठिणग्यांमुळे खरखर यायची, खड्ड्यांचे धक्के बसायचे आणि वीज पुरायची नाही. 1930 च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीत रेडिओवाल्यांचं संमेलन होतं. गॅल्व्हिन यांच्याकडे तिथे गाळा नव्हता. त्यांनी आपल्याच गाडीत रेडिओ बसवला, शिकागोहून तिथवर गाडी हाकली, बाहेर उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवलं. ऑर्डरी मिळाल्या. 1947 मध्ये कंपनीचंच नाव मोटोरोला झालं. नोव्हेंबर 1959 मध्ये त्यांचं निधन झालं.

आता यातून विज्ञानाचा धडा. वीज पुरेशी नसेल तर आवाज नीट येत नाही, ही अडचण आजच्या गाड्यांतही आहे. ॲम्प्लिफायर आपल्याला मिळालेल्या व्होल्टेजपेक्षा उंच लाट देऊ शकत नाही. तरीही आवाज वाढवत नेला, तर लाटेचा माथा कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. वर्गात फळ्यावर डोंगरासारखी लाट काढा आणि तिचा माथा डस्टरने सपाट पुसा; मुलांना लगेच समजतं. अशी सपाट लाट स्पीकरच्या बारीक तारेच्या वेटोळ्याला जास्त तापवते, आणि वेटोळं जळू शकतं. बॅटरीपासून आलेली वायर बारीक असेल तर व्होल्टेज वाटेतच घटतं आणि माथा आणखी लवकर कापला जातो. म्हणून आवाज फाटू लागला की आधी आवाज कमी करावा, मग वायर आणि बॅटरी तपासावी. नुसता मोठा स्पीकर आणून दोष जात नाही.

मुलांना शेवटी एक प्रश्न जरूर विचारा : दोन कारखाने बुडाल्यावर गॅल्व्हिन यांच्याकडे उरलं काय होतं? पैसा नव्हता, पण विजेचा पुरवठा कसा करायचा याची समज होती. तीच पुढे कामी आली.