कोपर्निकस : पृथ्वीला गती देणारा धर्मसेवक

विश्वाकडे पाहण्याची मानवाची दृष्टी ज्याने पालटली, त्या निकोलस कोपर्निकसाचे अल्पचरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोत.

पोलंडमधील टोरून नगरात १९ फेब्रुवारी १४७३ रोजी एका व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्यावर धर्माधिकारी असलेल्या मामाने त्याचा सांभाळ केला. क्राको व इटली येथे गणित, ज्योतिष, धर्मविधी व वैद्यक यांचे अध्ययन करून तो स्वदेशी परतला आणि फ्रॉमबोर्कच्या मुख्य चर्चच्या सेवेत राहिला. चर्चच्या जमिनींची व्यवस्था पाहावी, रुग्णांस औषध द्यावे आणि सवड मिळेल त्या रात्री आकाशाचे वेध घ्यावेत, असा त्याचा क्रम असे. दुर्बीण तेव्हा नव्हती.

पृथ्वी मध्यभागी निश्चल असून सूर्य, ग्रह व तारे तिच्याभोवती फिरतात, असे त्या काळचे विद्वान मानीत. मंगळ मधूनच वक्री का होतो, हे सांगण्यासाठी त्यांना वर्तुळावर वर्तुळे रचावी लागत. कोपर्निकसाने पृथ्वीस इतर ग्रहांच्या पंक्तीत बसवून सूर्याभोवती फिरविले. तेव्हा ही वक्रगती म्हणजे चालत्या पृथ्वीवरून होणारा भास होय, हे उघड झाले.

परंतु पृथ्वी चालत असेल, तर वर्षभरात तारे किंचित सरकलेले का दिसत नाहीत? तारे अतिशय दूर आहेत, म्हणून, असे त्याचे उत्तर होते. अशा रीतीने मानवाचे घर मध्यावरून हलले आणि आकाश कल्पनातीत विशाल झाले. ताऱ्याचे ते सूक्ष्म सरकणे १८३८ मध्ये बेसेलने मोजून दाखविले.

उपहासाच्या भीतीने कोपर्निकसाने ग्रंथ कित्येक वर्षे छापला नाही. १५३९ मध्ये रेटिकस नावाचा पंचवीस वर्षांचा प्राध्यापक त्याच्याकडे आला. हा प्रॉटेस्टंट, तो कॅथॉलिक. दोन्ही पंथांत तेव्हा तीव्र वैर होते. तरीही गुरूने विद्या दिली व शिष्याने ग्रंथ प्रकाशात आणण्यासाठी त्याचे मन वळविले. १५४३ मध्ये न्यूरेंबर्ग येथे तो छापला गेला. मात्र हे केवळ गणिताच्या सोयीचे अनुमान समजावे, अशी निनावी प्रस्तावना ओसिआंडर या धर्मोपदेशकाने त्यास जोडली. त्याच वर्षी २४ मे रोजी कोपर्निकसाने देह ठेवला. पुढे १६१६ मध्ये रोमच्या धर्मपीठाने ग्रंथावर बंदी घातली.

सूर्य उगवला, असे आपण आजही म्हणतो व नित्यकर्मे त्यानुसारच करतो. त्यात काही बाध येत नाही. विश्वाचे मध्यस्थान गेल्याने मानव क्षुद्र ठरला, असे आम्हांस वाटत नाही. आपले स्थान मध्यावर नाही, हे ज्या बुद्धीने ओळखले, ती बुद्धी मानवाचीच होय. गेला तो केवळ अहंकार.