वतने देणारा अमात्य आणि वतनांविरुद्धचा ग्रंथ : रामचंद्रपंतांच्या चरित्राचा एक विचार

प्राचीन मराठी गद्याचा अभ्यास करताना 'आज्ञापत्रा'चा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. राजनीतीवरील स्वतंत्र मराठी ग्रंथ म्हणून त्याचे मोल मान्य झालेले आहे. तथापि ज्या रामचंद्रपंत अमात्यांकडे या ग्रंथाचे कर्तृत्व परंपरेने दिले जाते, त्यांचे चरित्र बहुधा प्रस्तावनेतल्या चार ओळींत आटोपते. त्यामुळे ग्रंथातील उपदेश एखाद्या निवृत्त मुत्सद्द्याने शांत चित्ताने रचलेली तत्त्वे वाटू लागतात. प्रस्तुत लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी माणूस आणि मग ग्रंथ, असे पाहिल्यास वतनांविषयीचे त्यातील कठोर प्रतिपादन वेगळ्या प्रकाशात दिसू लागते.

रामचंद्र नीळकंठ यांचा जन्म सतराव्या शतकाच्या मध्याचा. त्यांचे वडील नीळकंठ ऊर्फ निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांच्या पदरी मुजुमदार होते. जमाखर्चाची शिस्त रामचंद्रपंतांना अशा रीतीने घरातच मिळाली. १६७४ च्या राज्याभिषेकात मुजुमदार या फार्सी पदनामाच्या जागी अमात्य हे संस्कृत नाव आले आणि अष्टप्रधानांत ते पद तरुण रामचंद्रपंतांकडे होते. शिवाजी महाराजांच्या राज्यपद्धतीचा एक कणा असा, की लष्करी व मुलकी सेवकांस शक्यतो रोख वेतन द्यावे, जमीन वंशपरंपरेने तोडून देऊ नये आणि जुन्या वतनदारांस मर्यादेत ठेवावे. ही पद्धती पंतांनी प्रत्यक्ष हिशेबाच्या वह्यांतून पाहिली होती. त्यांच्या पुढील आयुष्यातील पेच समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

१६८९ हे वर्ष मराठी राज्याच्या कसोटीचे ठरले. फेब्रुवारीत संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांचा वध झाला. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती पडला. येसूबाई व बाल शाहू कैदेत गेले. राजाराम महाराजांनी दूर दक्षिणेतील जिंजीचा आश्रय घेतला. जाताना महाराष्ट्राचा कारभार त्यांनी रामचंद्रपंतांवर सोपविला व त्यांस हुकुमतपनाह हा किताब दिला. छत्रपती शेकडो कोस दूर, खजिना रिकामा, राजधानी शत्रूकडे, अशा स्थितीत जवळजवळ राजाइतकाच अधिकार एका प्रधानाकडे आला. शंकराजी नारायण सचिव आणि परशुराम त्रिंबक यांच्या साहाय्याने पंतांनी विशाळगड-पन्हाळ्याच्या परिसरातून किल्ल्यांची डागडुजी, रसद आणि फौजेची जमवाजमव यांची व्यवस्था लावली. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या धावत्या लढायांमागे कारभाराची ही बाजू उभी होती.

मात्र या व्यवस्थेची किंमत होती. औरंगजेबाकडे तोफांबरोबरच मनसबीही होत्या. एखाद्या देशमुखाने बाजू बदलली की त्याच्या वतनाची सनद मोगली शिक्क्याने पक्की होत असे. ज्याचे पिढीजात हक्क अशा रीतीने शत्रूच्या शब्दावर टिकणार, त्याला केवळ स्वामिनिष्ठेच्या आवाहनाने रोखणे कठीण होते. रोख वेतन देण्यास पैसा नव्हता. उरला तो एकच उपाय, मोगलांनी देऊ केलेलेच आपणही देऊ करावे. राजाराम महाराजांच्या काळात वतने, इनामे व सरंजाम मोठ्या प्रमाणावर दिले गेले. पुष्कळदा जो मुलूख अद्याप जिंकावयाचा होता त्याच्याही सनदा लिहून दिल्या गेल्या. पूर्वी जप्त झालेली वतने परत करावी लागली, आणि एकाच वतनावर दोन दावेदार असल्यास लढाईत कोण उपयोगी पडेल हे पाहण्याचीही वेळ आली. महाराष्ट्रातील अशा कारभाराचे सूत्र ज्यांच्या हाती होते त्यांत रामचंद्रपंत अग्रभागी होते.

या धोरणाचा दोष एकट्या पंतांवर टाकणे अन्यायाचे होईल. ते न स्वीकारते तर राज्य उरते की नाही, हाच प्रश्न होता. १६९८ मध्ये जिंजी पडली तरी राजाराम महाराज सुखरूप महाराष्ट्रात परतले आणि त्यांच्यासाठी एक चालते राज्य शिल्लक होते. परंतु ज्या पद्धतीच्या रक्षणासाठी लढा चालू होता, तीच पद्धती लढ्याच्या साधनाने आतून बदलत गेली. सरदार स्वतःच्या प्रदेशाचे धनी होऊ लागले. याची जाणीव मुजुमदाराच्या मुलाला इतरांपेक्षा आधी झाली असल्यास नवल नाही.

१७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. ताराबाईंनी आपल्या पुत्राच्या नावे राज्यसूत्रे हाती घेतली. त्यांच्या दरबारात पंतांचे स्थान पूर्वीच्या उंचीवर राहिले नाही. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला, शाहू महाराज सुटून आले आणि गादीचा वाद उभा राहिला. निष्ठा कोणाशी ठेवावी या प्रश्नाने जुने सहकारी विभागले गेले. पंत करवीरच्या पक्षात राहिले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. या घडामोडीत पंतांचा हात होता असे इतिहासकार मानतात. वृद्ध सल्लागाराला पुन्हा तरुण राजा मिळाला.

याच संभाजी महाराजांच्या नावे १७१५ मध्ये 'आज्ञापत्र' निघाले. ग्रंथ छत्रपतींच्या मुखाने बोलतो, त्यामुळे त्याचा लेखक कोण याविषयी अभ्यासकांत मतभेद झाले आहेत. तरीही आशयाचा आणि पंतांच्या अनुभवाचा मेळ इतका जवळचा आहे की परंपरेचे मत सहज बाजूला सारता येत नाही. आरंभी राज्याचा पूर्ववृत्तान्त येतो. पुढे राजा, प्रधान, सावकार, टोपीकर, वतनदार, वृत्ती, दुर्ग आणि आरमार यांचा विचार केलेला आहे. टोपीकरांस इतर व्यापाऱ्यांसारखे समजू नये, त्यांच्यामागे राज्ये आहेत, त्यांना खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये, हा इशारा सर्वपरिचित आहे. आरमारासाठी लाकूड घेताना रयतेची झाडे बळाने तोडू नयेत, ही सूचनाही वारंवार उल्लेखिली जाते.

परंतु ग्रंथकर्त्याची लेखणी सर्वाधिक धारदार होते ती वतनदारांच्या प्रकरणात. वतनदार हे राज्यातील लहान राजेच आहेत, आहे त्यात त्यांना समाधान नसते आणि परचक्र आले की वतनाच्या लोभाने ते आधी शत्रूशी संधान बांधतात, असा त्याचा आशय आहे. त्यांची वतने मुळापासून काढू नयेत, पण त्यांना बळावूही देऊ नये. स्नेह आणि दंड यांच्या मध्ये ठेवावे, असा तोल तेथे सांगितला आहे. वृत्तीच्या प्रकरणात सेवकास पराक्रमाचे बक्षीस म्हणून वंशपरंपरेची जमीन देण्याला स्पष्ट विरोध आहे. प्रत्येक राजाने थोडी थोडी भूमी दिली तर पिढ्यांच्या ओघात राज्यच संपेल, हा हिशेब एखाद्या पंडिताचा नसून जमाखर्च सांभाळलेल्या माणसाचा आहे. गद्याची घडणही याला साजेशी आहे. संस्कृत समासांनी भारलेली दीर्घ वाक्ये कारणे मांडत जातात आणि शेवटी करावे, न करावे अशा विध्यर्थी क्रियापदावर येऊन थांबतात. अलंकरणाला येथे फारसा वाव नाही.

येथे एक विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. बावड्याची जहागीर पंतांच्याच घराण्याकडे आली आणि करवीर संस्थानातील एक प्रमुख जहागीर म्हणून ती इंग्रजी अमदानीतही टिकून राहिली. वतनांविरुद्ध लिहिणारा हा प्रधान स्वतः वतनी घराण्याचा संस्थापक होता. यावरून ग्रंथाच्या प्रामाणिकपणावर शंका घेणे सोपे आहे. पण तसे केल्यास ग्रंथाचे खरे महत्त्व हातून निसटते. ज्याने सनदा दिल्या, ज्याने स्वतः जहागीर घेतली, त्यालाच या व्यवहाराचा परिणाम कोठवर जाईल हे नेमके ठाऊक होते. शत्रूशी संधान बांधणाऱ्या वतनदाराचे वर्णन ऐकीव नाही. १६८९ नंतरच्या नऊ वर्षांत पंतांना अशा माणसांशी प्रत्यक्ष बोलणी करावी लागली होती.

'आज्ञापत्रा'नंतर थोड्याच काळात पंतांचे निधन झाले. त्यांचा सल्ला करवीरच्या दरबारातही चालला नाही आणि साताऱ्याच्याही नाही. १७१३ मध्ये पेशवेपदी आलेल्या बाळाजी विश्वनाथाने १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. पुढील विस्तार सरदारांच्या सरंजामांवर उभा राहिला आणि ते सरंजाम वंशपरंपरागत होत गेले. मराठी सत्ता त्या बळावर दूरवर पोहोचली, आणि तिच्या फुटीची बीजेही तेथेच होती. म्हणून 'आज्ञापत्र' शिकविताना त्याला आदर्श राज्याचा आराखडा म्हणणे अपुरे वाटते. संकटात जे करणे भाग पडले ते संकट सरल्यावर नियम होऊ नये, यासाठी एका अमात्याने अखेरच्या वर्षांत केलेला तो प्रयत्न आहे, आणि त्याच्या गद्यातील ताण त्यातूनच आलेला आहे.