मधल्या सुट्टीतली मैफल

स्मरणिकेसाठी शाळेची आठवण लिहायला बसले आणि आधी डोळ्यांसमोर आली ती संगीताच्या खोलीतली पेटी. मधल्या सुट्टीत पाच मिनिटांत डबा संपवून मी तिकडे पळायचे. किल्ली कुठे असते ते बाईंनी मला सांगून ठेवलं होतं. दहावीत पेटी बंद झाली. मग बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, घर. निवांत वेळ मिळाला की पुन्हा सुरू करू, असं मी पंचवीसेक वर्षं म्हणत राहिले. माझं हे पालुपद जिच्या गोष्टीमुळे थांबलं, तिच्याविषयी तुम्हा सगळ्यांना सांगावंसं वाटतं. ती इंग्लंडची पियानोवादक मायरा हेस.

मायराचा जन्म २५ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. चार भावंडांत ती धाकटी. पाचव्या वर्षी पियानो सुरू झाला. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ती रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये टोबायस मॅथे या नामांकित शिक्षकांकडे शिकली. १९०७ च्या नोव्हेंबरात, सतराव्या वर्षी, लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये तिने बीथोव्हनचा चौथा पियानो कॉन्चेर्टो वाजवला. वाद्यवृंदाचं संचालन थॉमस बीचम यांचं होतं. कौतुक झालं, पण कौतुकाने घर चालत नाही हे आपल्यालाही ठाऊक आहे. नंतरची बरीच वर्षं कार्यक्रम तुरळक मिळाले आणि पोटापाण्यासाठी तिने शिकवण्या केल्या. १९२२ मध्ये ती अमेरिकेत वाजवायला गेली आणि तिथून नाव झालं. बाखच्या एका भक्तिरचनेचं तिने पियानोसाठी केलेलं रूपांतर तर घरोघरी पोचलं. मजा म्हणजे एवढ्या मोठ्या कलावतीला मंचावर जाण्याआधी प्रचंड धडधड व्हायची, आणि ती आयुष्यभर गेली नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. बाँबच्या भीतीने लंडनची नाटकघरं, सिनेमागृहं, संगीताची सभागृहं बंद झाली. रात्री सगळीकडे काळोख. मायराबाईंचा अमेरिकेचा दौरा ठरलेला होता. सुरक्षित देश, चांगलं मानधन. त्यांनी तो रद्द केला.

ट्रॅफल्गार चौकातल्या नॅशनल गॅलरीतली चित्रं तेव्हा सुरक्षित जागी हलवली होती. रिकाम्या भिंती उरल्या होत्या. तिथे दुपारी संगीत ठेवता येईल का, असं बाईंनी गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांना विचारलं. त्यांनी रोजच ठेवू या म्हटलं! १० ऑक्टोबर १९३९ ला पहिली मैफल झाली. तिकीट फक्त एक शिलिंग. थोडेफार लोक येतील असा अंदाज होता, पण दाराबाहेर रांग लागली आणि हजाराच्या आसपास माणसं आली. त्या दिवशी बाई एकट्याच वाजवायला होत्या. ज्या देशाशी लढाई चालली होती, त्याच देशाचे बाख आणि बीथोव्हन त्यांनी वाजवले. संगीताला शत्रू ठरवायचं नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

मग सोमवार ते शुक्रवार, दुपारी एक वाजता, रोज मैफल. कचेरीतले कारकून, टायपिस्ट मुली, रजेवरचे सैनिक जेवणाच्या सुट्टीत यायचे. तिथल्या कॅन्टीनचं मध-मनुक्यांचं सँडविच फार प्रसिद्ध झालं. १९४० च्या शरद ऋतूत लंडनवर रात्रंदिवस बाँब पडू लागले, तेव्हा मैफली तळघरात गेल्या, पण थांबल्या नाहीत. मे १९४१ मध्ये बाँबहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून गेला. सतराव्या वर्षी बाई जिथे वाजवल्या, तोच हॉल. गॅलरीतली मैफल मात्र चालूच राहिली. त्याच वर्षी सरकारने त्यांना 'डेम' हा किताब दिला.

१० एप्रिल १९४६ ला हा उपक्रम संपला, तोवर १,६९८ मैफली आणि ८ लाख २४ हजारांहून अधिक श्रोते झाले होते. बाई स्वतः दीडशेच्या आसपास मैफलींत वाजवल्या. बाकीच्यांसाठी कलाकार जमवणं, कार्यक्रम आखणं यातही त्या होत्याच. युद्धानंतर त्या पुन्हा देशोदेशी वाजवू लागल्या. पुढे तब्येतीने साथ सोडली, १९६१ मध्ये शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला आणि २५ नोव्हेंबर १९६५ रोजी त्या गेल्या.

ही गोष्ट मला कळली ती एका रात्री. आमची एक सिस्टीम बंद पडली होती. ती सुरू होईपर्यंत जागं राहायला मी कानात काहीतरी लावलं, ते निघालं बाईंचं बाख. मग त्यांच्याविषयी वाचत गेले. १,६९८ हा आकडा वाचून मला आधी लाज वाटली, मग हसू आलं. डोक्यावर बाँब पडत असताना लंडनची माणसं जेवणाच्या सुट्टीतला तासभर काढत होती, आणि मी कॅलेंडरला दोष देत होते.

आता माझ्या कॅलेंडरवर रोज दुपारी एक ते दीड मीटिंग नसते. जुनी पेटी दुरुस्त करून आणली आहे. बोटं अडखळतात, शेजारी सहन करतात.

मित्रमैत्रिणींनो, संमेलनाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सापडले नाही, तर संगीताच्या खोलीत बघा. आणि बाई, किल्ली अजून तिथेच असते ना?