शिकणं न थांबवणाऱ्या रमाबाई

परिचारिका म्हटलं की पांढऱ्या गणवेशातली ‘सिस्टर’ डोळ्यांपुढे येते. मराठी घरातल्या लेकीसुनांनी या पेशात यावं म्हणून शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी जिवाचं रान केलं, त्या रमाबाई रानडे मात्र आपल्याला न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून किंवा ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळेच जास्त ठाऊक असतात.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेर कुर्लेकरांचं. तिथे मुलींना शिकवायची रीत नव्हती. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्यात आल्या, तेव्हा साधी अक्षरओळखही नव्हती. महादेव गोविंद रानडे यांनी स्वतः त्यांच्या हाती पाटी दिली. घरातल्या थोरल्या बायकांना हे अजिबात रुचलं नाही. टोमणे झाले, अबोले झाले. रमाबाईंनी दिवसभर घरकाम केलं, वडीलधाऱ्यांचा मान राखला आणि अभ्यासही सोडला नाही. आधी मराठी, मग इंग्रजी!

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या. पोटी मूल नाही. त्या काळी विधवेनं कोपऱ्यात बसून दिवस काढायचे, एवढंच अपेक्षित असे. सुरुवातीच्या दुःखातून सावरल्यावर त्या पुन्हा कामाला लागल्या. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन काढलं, त्याचं अध्यक्षपद त्यांनी स्वीकारलं. पुढच्याच वर्षी गो. कृ. देवधरांच्या साथीनं पुण्यातलं सेवासदन उभं राहिलं.

तिथे शिवण, लिहिणं-वाचणं असे वर्ग होतेच. पण खरं धाडसाचं पाऊल होतं ते परिचारिका शिक्षणाचं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, जातपात न पाहता मलमूत्र काढायचं, हे ‘चांगल्या घरच्या’ बाईचं काम नव्हे, असा समज घट्ट होता. रमाबाईंनी विधवा आणि परित्यक्तांना समजावून ससून रुग्णालयात शिकायला धाडलं. ज्या बाईला घरात भार समजत, तिच्या हाती मानाची मिळकत आली. १९२४ मध्ये रमाबाई गेल्या, तोवर ही वाट रुळू लागली होती.

आज ती वाट पार कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयापर्यंत येते. फरक इतकाच, की आता आजारच बदललेत. मधुमेह, रक्तदाब हे पाहुणे नव्हेत. ते घरातच राहायला येतात. अशा रुग्णाला डॉक्टर पाच मिनिटं भेटतो. इन्सुलिन कसं टोचायचं, पायाची जखम रोज कशी तपासायची, हे सिस्टरच समजावते. त्यात चूक झाली तर? साधं उदाहरण घ्या. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते, केशरी टोपणाची १०० युनिटसाठी. १०० युनिटचं औषध चुकून लाल टोपणाच्या सिरिंजनं खुणेपर्यंत भरलं, तर डोस अडीचपट जातो. रुग्णाची साखर एकदम खाली येऊन तो बेशुद्ध पडू शकतो.

वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या सिस्टरनं इन्सुलिन पेन किंवा दंडावर लावायचा साखरमापक सेन्सर तेव्हा कदाचित हातातही घेतला नसेल. म्हणून नोकरी लागल्यावरही शिकणं सुरू राहायला हवं. पण तीन पाळ्या, अपुरा स्टाफ आणि घरी गेल्यावर स्वयंपाक! तिनं शिकायचं कधी? रमाबाईंनी रात्री जागून अभ्यास केला, याचं आपण कौतुक करतो. पण आजच्या सिस्टरलाही रात्रच जागायला लावणं योग्य नव्हे. प्रशिक्षणाचा दिवस ड्यूटीत धरला जावा आणि त्या दिवशी तिच्या जागी दुसरी व्यक्ती मिळावी, एवढं रुग्णालयांनी करायलाच हवं. अन् घरच्यांनी? त्या दिवशी कुकर लावावा, मैत्रिणींनो!