रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई: वियोगाचीं पांच वर्षें

पतीनें बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी माहेरीं निघून गेली, असे प्रसंग आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत घडत आले आहेत. अशा बंधूंच्या धीरासाठीं आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रांतील एक भाग सांगतों.

टिळक इ. स. १८६१ त रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मले. इ. स. १८८० त त्यांचें लग्न नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशीं झालें. वधू अवघी अकरा वर्षांची. वडिलांनीं ठरविलें आणि लग्न झालें. एकमेकांचें मन उभयतांस ठाऊक नव्हतें.

ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर जणूं आकाश कोसळलें. लहानग्या दत्तूस घेऊन त्या नातलगांच्या आश्रयास राहिल्या. त्यांतील कांहीं काळ आमच्या या सोलापूर जिल्ह्यांतील पंढरपुरांत गेला. टिळक अहमदनगरास मिशनच्या कामांत होते. मध्यें जातीची भिंत उभी होती आणि पत्र एवढाच काय तो दुवा राहिला. लग्नानंतर पंधरा वर्षांनीं पत्नीचें मन जिंकण्याचें काम टपालानें सुरू झालें!

इ. स. १८६६ च्या कायद्यान्वयें, धर्मांतरामुळें पत्नीनें सोडलेल्या ख्रिस्ती पतीस सहा महिन्यांनंतर कोर्टांत अर्ज करून पुढें विवाहबंधनांतून मोकळें होतां येत असे. टिळकांनीं ती वाट धरली नाहीं. ते लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. पत्र दार लोटून आंत शिरत नाहीं. तें उघडणें न उघडणें घेणाऱ्याच्या हातीं असतें. बळजबरी व प्रीति यांतील भेद तो हाच.

सुमारें पांच वर्षांनीं लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या, त्या हिंदु राहूनच. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळें. टिळकांनीं तेंहि सोसलें. पुढें जातिभेद मनुष्यकृत आहे, हें त्यांस स्वतःच्याच विचारानें पटलें व इ. स. १९०० त त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. टिळक इ. स. १९१९ त प्रभूकडे गेले. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ या पत्नीनेंच पुढें चालविलें. तिला घाईनें ओढून आणिलें असतें, तर ही सहकारिणी लाभती काय?

प्रिय वाचकहो, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय घरीं वाचा. ज्याची पत्नी दूर आहे, त्यानें तिच्यासाठीं नित्य प्रार्थना करावी, खर्चास पैसे पाठवावे, आणि एक गोड पत्र लिहावें. लिहितां येत नसेल, तर उपदेशकानें त्यास लिहून द्यावें.