ताराबाई मोडक : लहानांच्या शिक्षिका, शिक्षिकांच्याही शिक्षिका

आपल्या श्यामला हिल्सवरच्या क्षेत्रीय शिक्षण संस्थेला भोपाळची जुनी माणसे अजून ‘रीजनल कॉलेज’ म्हणतात. बारावीनंतर चार वर्षांत पदवी आणि शिक्षकाचे प्रशिक्षण एकत्र मिळते आणि सराव पाठांसाठी आवारातच शाळा आहे. महाराष्ट्र-गोव्याकडची मुलेही इथे शिकायला येतात, आणि त्यांतली काही गणपतीत आपल्या आरतीलाही दिसतात. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. तेव्हा भरतीची तयारी करणाऱ्या अनेक घरांत नाराजी पसरली. पदवी मोठी असताना लहान वर्ग का नाकारावा, हे कोणालाही पटकन पटण्यासारखे नाही. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका मराठी पदवीधर बाईंनी स्वतःला घातला होता आणि त्यासाठी चांगल्या पगाराची जागा सोडली होती.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. आई उमाबाईंचा हा पुनर्विवाह. त्या काळी ही सोपी गोष्ट नव्हती. मुलगी शिकली आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झाले, पण तो संसार टिकला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका तयार करणारी ही संस्था. पद मानाचे आणि एकट्या बाईला आधार देणारे होते.

मात्र मूल शिकते कसे, हे पुस्तकांतून पुरते कळत नाही, हे त्यांना तिथे जाणवले. त्याच सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर चालवत होते. गिजुभाईही मूळचे वकील. (वकिलीने ताराबाईंच्या आयुष्यात दोन अगदी वेगळी माणसे आणली!) १९२३ साली ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला गेल्या. इतरांना शिकवायला शिकवणारी बाई चिमुकल्यांपुढे स्वतः शिकायला बसली. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी निर्णय मला हाच वाटतो, पुढच्या जंगलातल्या कामापेक्षाही. भावनगरला बालमंदिराला जोडूनच अध्यापन मंदिर होते. शिकाऊ शिक्षिकेने मुलांजवळ बसून पाहायचे, टिपायचे आणि मग हात घालायचा, अशी तिथली रीत. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. शिक्षण पत्रिकेतून ताराबाई आईवडिलांसाठीही लिहू लागल्या. नऊ वर्षे त्या तिथे होत्या.

पुढे १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. बालमंदिराबरोबर शिक्षिकांचा वर्ग आलाच. पण माँटेसरीची साधने महाग आणि मुले बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरांतली, हे ताराबाईंना खुपत होते.

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुण्याहून अनुताई वाघ येऊन मिळाल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. आधी आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने. महागड्या ठोकळ्यांनी जे साधते ते चिंचोक्यांनीही साधते, हे त्यांनी करून दाखवले. अंगणवाडी हा आज सर्वांच्या तोंडी असलेला शब्द या अंगणांतूनच आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले. गुरे राखणारी मुले कुरण सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मोठी बहीण शाळेत येत नाही, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली, ती विकासवाडी.

इथेही बालसेविकांचे प्रशिक्षण सुटले नाही. गावातल्या कमी शिकलेल्या मुलींनाही ताराबाईंनी तयार केले. बी.ए. झालेली बाई प्रशिक्षणावाचून बालवाडी चालवील, हे त्या मानत नसत. आणि सातवी झालेली मुलगी नीट शिकवल्यावर ती चालवू शकणार नाही, हेही मानत नसत. यातला दुसरा भाग आपण सोयीने विसरतो. भोपाळच्या गल्ल्यांमधल्या अंगणवाड्यांत काम करणाऱ्या बायकांना आपण अजूनही फक्त खिचडी वाटणाऱ्या समजतो.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. ते पाहायला त्या नव्हत्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत चालवले.