आइन्स्टाइन आणि सेलोफेन

आइन्स्टाइनचं पोट सारखं दुखायचं. डिसेंबर 1948 मध्ये ब्रुकलिनच्या ज्यूइश हॉस्पिटलात डॉ. रुडॉल्फ निसन यांनी ते उघडलं, तर महाधमनी फुग्यासारखी फुगलेली! सीटी स्कॅन तेव्हा नव्हता. डाव्या मूत्रपिंडाची शीर एरवी महाधमनीच्या पुढून जाते, काहींची मागून. ते पोट उघडल्यावरच कळायचं, आणि चुकून सुरी लागली की रक्ताचा पूर. निसननी फुगवट्यावर चक्क सेलोफेन गुंडाळलं, वेष्टनाचा कागद असतो तेच! त्याने भोवती घट्ट व्रण धरतो, भिंतीला आधार मिळतो. त्यावर आइन्स्टाइन सहा वर्षं जगले.

एप्रिल 1955 मध्ये फुगा फुटला. आता शस्त्रक्रिया पुढे गेली होती, पण त्यांनी साफ नकार दिला. प्रिन्स्टनच्या हॉस्पिटलात चष्मा नि गणिताचे कागद मागवले. 18 एप्रिलला, 76व्या वर्षी, ते गेले. गणित अर्धंच राहिलं.